विश्लेषण : ‘गगनयान’ला उशीर होतोय, तर होऊ द्या!

‘गगनयान’ची तारीख पुढे गेली की समाजमाध्यमांवर मीम सुरू होतात. भारतीय अंतराळवीर २०२२ पर्यंत अवकाशात जाईल, अशी घोषणा १५ ऑगस्ट २०१८ रोजी झाली होती. ती मुदत केव्हाच उलटली. पण हा वेळ जिथे खर्च होतो आहे, त्यातली एक जागा समजून घेतली तर थट्टा करावीशी वाटणार नाही. ती म्हणजे ‘क्रू एस्केप सिस्टिम’.

ही यंत्रणा करते काय?

रॉकेटमध्ये बिघाड झाला, तर अंतराळवीर बसलेली कुपी क्षणात रॉकेटपासून ओढून दूर न्यायची. त्यासाठी कुपीच्या डोक्यावर छोट्या रॉकेटचा मनोरा असतो. त्यात घन इंधन वापरतात, कारण ते पेटताच पूर्ण जोर देते.

२६ सप्टेंबर १९८३ रोजी बैकानूरमध्ये उड्डाणाआधीच सोयुझ रॉकेटला आग लागली. मनोऱ्याने तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह यांना उचलून नेले, पाठोपाठ रॉकेटचा स्फोट झाला. दोघेही वाचले. जेमतेम सहा महिन्यांनी, ३ एप्रिल १९८४ रोजी, त्याच तळावरून सोयुझमध्येच बसून राकेश शर्मा अवकाशात गेले. अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’मध्ये मात्र अशी सोय नव्हती. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात जण गेले.

मग एक चाचणी पुरत नाही का?

नाही. ५ जुलै २०१८ रोजी रॉकेट तळावर उभे असतानाच सुटका करावी लागली तर काय, हे इस्रोने तपासले. सुटका यंत्रणा आणि कुपी मिळून १२.६ टनांचा भार सुमारे २.७ किमी उंच गेला आणि २५९ सेकंदांत चाचणी आटोपली. भर उड्डाणात हवेचा मारा वेगळाच असतो. त्यासाठी अख्खे महागडे रॉकेट जाळण्याऐवजी इस्रोने एकाच ‘विकास’ इंजिनाचे स्वस्त चाचणी-रॉकेट बनवले.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी ते श्रीहरिकोट्यात उड्डाणाला अवघे पाच सेकंद उरले असताना संगणकाने थांबवले. दोष शोधून त्याच सकाळी दहाला ते उडाले. सुमारे १२ किमी उंचीवर, ध्वनीच्या १.२ पट वेगात कुपी वेगळी काढली गेली आणि पॅराशूटने बंगालच्या उपसागरात उतरली. चाचणी यशस्वी. पण पाण्यात कुपी उलटी तरंगत होती! आत माणसे असती तर ती डोके खाली, पाय वर अशी अडकली असती. हे रिकाम्या कुपीवर कळले, हेच बरे.

दौंडच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कामगारांना हे वेगळे सांगायला नको. धोकादायक रसायनांच्या कारखान्यांना ठरावीक मुदतीत मॉक ड्रिल घ्यावीच लागते. भोंगा वाजला की उत्पादन थांबते, शिफ्टचा हिशेब बिघडतो. शिरूरच्या रांजणगावात लाइनवर उभ्या असणाऱ्यालाही थांबलेल्या यंत्राची किंमत ठाऊक आहे. तरी कागदोपत्री उरकलेले ड्रिल कुणाच्या जिवावर बेतते, हेही तिथे सगळे जाणतात.

‘गगनयान’साठी निवडलेले प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला हे चौघेही याच पुणे जिल्ह्यातल्या खडकवासल्याच्या एनडीएत घडले. त्यांची उड्डाणाची तारीख विचारण्याआधी इस्रोला दुसराच प्रश्न विचारायला हवा : उलटी पडलेली कुपी समुद्रात आपोआप सरळ होते, हे किती वेळा करून पाहिले?