ऑगस्टचं जंगल रिकामं नसतं

फिनलंडच्या जंगलात ऑगस्टमध्ये पाखरं नसतात, असं दुर्बीणवाले मला ऐकवतात. साफ खोटं! गाणं थांबतं, पाखरं असतातच. विलो टिट याच सुमारास बिया, किडे खोडाच्या सालीत दडवू लागते, हिवाळ्याची बेगमी. कॅम्बरवेल ब्यूटी हे काळपट तांबूस, पिवळट काठाचं फुलपाखरू आता हुंदडतं आणि थंडीत एखाद्या ढोलीत पंख मिटून बसतं. दोघांनाही जुनी, पोखरलेली झाडं लागतात. टिट तर घरटंच कुजक्या बर्चच्या खुंटात चोचीने कोरते. आणि ‘जंगलाची निगा’ म्हणजे नेमके हेच खुंट काढून टाकणं! २०१९च्या फिनिश लाल यादीत ही एकेकाळची सर्रास दिसणारी टिट संकटग्रस्त ठरली. यावर उत्तर तयार असतं: नवी झाडं लावली की! अहो, तरणंताठं झाड ती कोरणार कशी?