दस्ती की खुदकार?

स्पोर्टी गाडी मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक, हा प्रश्न खरं तर माझ्यासारख्या शाळामास्तराला कोणी विचारू नये. माझ्याकडे स्पोर्टी गाडी नाही आणि पगाराची स्लिप पाहता ती यायची शक्यताही नाही. तरी गेल्या वर्षभरात माझ्या तीन माजी विद्यार्थ्यांनी तो विचारला. एक पुण्यात आयटीत आहे, एक दुबईला, आणि एक इथंच वडिलांचं दुकान सांभाळतो. गाडीचा शौक मला लहानपणापासून, वर्गात गिअरची उदाहरणं देऊन मी व्याकरण शिकवलंय, म्हणून ते माझ्याकडे आले असावेत. तिघांना मी एकच सांगितलं : शौकासाठी घेतोयस ना, मग मॅन्युअल घे.

दुकानवाला लगेच म्हणाला, "बरोबर सर, ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी." आयटीवाला म्हणाला, "सर, कुठल्या जमान्यात आहात? मॅन्युअल संपला." एकाला माझं म्हणणं पटलं ते चुकीच्या कारणानं, दुसऱ्याला पटलं नाही तेही चुकीच्या कारणानं. हा लेख त्या दोघांशी भांडण्यासाठी आहे. दुबईवाला नुसता हसला. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी मर्दानगीचा निकाल लावू. आपल्या मोहल्ल्यात एखादी बाई ऑटोमॅटिक गाडी चालवत आली की नाक्यावरची पोरं एकमेकांना कोपर मारतात. या पोरांना मी विचारतो, फॉर्म्युला वनच्या गाडीत क्लचचं पेडल कुठे असतं ते दाखवा. नसतं. फेरारीनं 1989 साली स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर बदलणारी गाडी शर्यतीत उतरवली, नायजेल मॅन्सेलनं तिच्यावर ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली, आणि काही वर्षांत सगळा तांडा त्याच वाटेनं गेला. सात वेळा जगज्जेता झालेला लुईस हॅमिल्टन सगळ्या शर्यती याच पद्धतीनं जिंकलाय. त्यालाही कोपर मारणार का?

आता उलट बाजू. मिशेल मूटाँ ही फ्रेंच बाई 1981 मध्ये ऑडी क्वात्रो घेऊन इटलीतली सान रेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. पुढच्या वर्षी तीन रॅल्या जिंकून ती जगात दुसरी आली. गाडीला हातानं टाकायचे गिअर आणि पायानं दाबायचा क्लच होता. रस्ता खडीचा, मातीचा. क्लच दाबायला डावा पाय लागतो, मर्दानगी नाही. आणि ज्याचा डावा पाय अधू आहे, गुडघा गेला आहे, त्याला किंवा तिला ऑटोमॅटिकनं घराबाहेर पडायची मोकळीक दिली. त्या यंत्राची टिंगल करणाऱ्याला माझ्या बाजूनं बोलायचा हक्क नाही. मॅन्युअलला असले वकील नकोत.

दुसरा दावा वेगाचा. "मॅन्युअल जास्त पळते" हे अजूनही ऐकू येतं. एके काळी त्यात तथ्य होतं. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद तेलातून चाकाकडे जायची आणि वाटेत थोडी मुरायची. आजच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं तसं नाही. त्यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरचा, एक सम गिअरचा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, झालं. माणसाचा हात तिथे पोचूच शकत नाही. पोर्शची अलीकडची 911 जीटी3 घ्या. कंपनीच्याच आकड्यांनुसार शून्य ते शंभर ऑटोमॅटिकला 3.4 सेकंद आणि मॅन्युअलला 3.9. वेगाच्या परीक्षेत मॅन्युअल नापास आहे, हे कबूल करून टाका. मायलेजमध्येही आता फारसा फरक उरलेला नाही.

पण त्या अर्ध्या सेकंदाचं तुम्ही करणार काय? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला कारची मर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे आणि डोक्यावर कॅमेरे आहेत. अर्ध्या सेकंदासाठी गाडी निवडणारा माणूस शंभरच्या खाली समाधानी राहणार नाही, आणि शंभरच्या वर त्याला आपल्या रस्त्यावर जागा नाही. तिथे गाय आहे, उलट दिशेनं येणारी रिक्षा आहे, शाळा सुटलेली पोरं आहेत. त्यांतली काही माझ्या वर्गातली आहेत.

म्हणजे मर्दानगी गेली, वेगही गेला. मग मॅन्युअलच्या बाजूनं उरलं काय? इथे आयटीवाला खूश होऊन म्हणेल, काहीच नाही, म्हणून तर संपला. त्याला मी काही तारखा दाखवतो. पोर्शनं 2013 मध्ये जीटी3 फक्त ऑटोमॅटिकमध्ये आणली. गिऱ्हाइकांनी इतकी ओरड केली की 2017 मध्ये त्याच गाडीत मॅन्युअल परत आला. टोयोटानं 2019 मध्ये सुप्रा फक्त ऑटोमॅटिक काढली. 2022 मध्ये तिला मॅन्युअल जोडावा लागला. लांब कशाला, आपल्या चाकणला बनणारी फोक्सवॅगनची व्हर्टस घ्या. 2022 मध्ये तिचं 150 अश्वशक्तीचं दीड लिटरचं इंजिन फक्त डीएसजी ऑटोमॅटिकसोबत मिळत होतं. वर्षभरात मॅन्युअल आला. ह्युंदाईच्या आय20 एन लाइनला 2021 मध्ये क्लच पेडल नसलेला अर्धामुर्धा मॅन्युअल होता. 2023 मध्ये कंपनीनं तो काढून पुरा सहा गिअरचा मॅन्युअल दिला. बाजार मेलेल्याला असा परत बोलावत नसतो.

सगळीकडे असं झालं नाही हेही खरं. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस दोन हजारच्या दशकात आपल्याकडे पहिल्यांदा आली ती मॅन्युअल होती. 2025 मध्ये त्याच नावाची गाडी आली ती फक्त ऑटोमॅटिक. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआयही तशीच. या गाड्या पन्नास लाखांच्या घरातल्या आहेत, त्या आपण घेणार नाही. पण वरच्या मजल्यावर जे होतं ते काही वर्षांनी तळमजल्यावर येतं. म्हणून आताच बोललेलं बरं.

आता मुद्द्यावर. उर्दूत मॅन्युअलला दस्ती म्हणतात आणि ऑटोमॅटिकला खुदकार. मराठीत हस्तचलित आणि स्वयंचलित. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला यात एक मजा दिसते. फारसी 'दस्त' आणि संस्कृत 'हस्त' हे एकाच मुळातून फुटलेले. 'खुद' आणि 'स्वतः' यांचंही तेच. दोन भाषांनी एकाच गोष्टीला एकच नाव दिलंय. दस्ती म्हणजे हाताची. खुदकार म्हणजे आपलं आपण करणारी. मग प्रश्न एवढाच, की शौकासाठी घेतलेल्या गाडीत काम कोणी करायचं, तुम्ही की तिनं?

हे कुंभार्ली घाटात नीट कळतं. एकाच इंजिनाच्या दोन गाड्या, एक मॅन्युअल आणि एक डीएसजी, मी त्या घाटात चालवल्यात. दोन्ही ओळखीच्यांच्या. चढावर वळण आलं की मॅन्युअलमध्ये तुम्ही वळणाच्या आधीच दुसरा टाकता, कारण तुम्हाला वळण दिसतंय आणि वरून खाली येणारी एसटीही दिसतेय. ऑटोमॅटिकला हे दिसत नाही. तिला इंजिनाचे फेरे कळतात, चढ कळतो, तुमचा पाय किती दाबलाय ते कळतं. ती तुमच्या पायावरून तुमच्या मनातलं ओळखते, आणि ओळखते ती तुम्ही पाय दाबल्यानंतर. तेल वाचवायला तिनं वरचा गिअर धरलेला असतो. मग पाय दाबला की क्षणभर विचार करते, दोन गिअर खाली येते आणि एकदम झेपावते. क्षणभराचाच मामला आहे. पण स्पोर्टी गाडीची सगळी मजा त्या क्षणातच तर असते. उतरताना तोच हिशोब. खालचा गिअर आधी टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी धरायची, ब्रेक तापवायचे नाहीत, हे शहाणपण ज्यानं हातानं केलंय त्याच्या अंगात मुरतं.

यावर समोरच्याची सर्वांत भक्कम दलील अशी : पॅडल आहेत की! स्पोर्ट मोड आहे की! आहेत. पॅडल दाबून तुम्ही आधीच गिअर उतरवू शकता, आणि घाटात ऑटोमॅटिक चालवणाऱ्यानं ते जरूर करावं. पण दाबलेलं पॅडल ही विनंती असते. गाडीला पटलं तर ती मानते. चुकीचा गिअर मागितला तर नाकारते. वेळेवर वरचा टाकला नाही तर स्वतः टाकते. इंजिन वाचतं, चांगलंच आहे. मॅन्युअलमध्ये चुकीचा गिअर पडला तर इंजिनाची वाट लागू शकते, हेही मी लपवत नाही. पण वीसेक वर्षं फळ्यासमोर उभं राहून मला एक गोष्ट पक्की कळलीय. ज्या पोराची वही घरचं कोणी तरी दुरुस्त करून पाठवतं, त्या पोराला आपलं काय चुकतं ते कधीच कळत नाही. मॅन्युअल गाडी चूक झाली की गचका देते. त्या गचक्यातून माणूस शिकतो, आणि सहा महिन्यांनी तोच माणूस शेजारी बसलेल्या अम्मीच्या हातातला चहा न सांडता घाट उतरतो. हा आनंद विकत मिळत नाही. कमवावा लागतो.

आता पैसे. एकाच इंजिनात ऑटोमॅटिकसाठी साधारण लाखाच्या वर जादा मोजावे लागतात, आणि आपली पोरं ते हप्त्यावर मोजतात. पुढे वॉरंटी संपते. मॅन्युअलचा क्लच गेला तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, आणि आपल्या नाक्यावरचा मिस्त्री. ड्युअल क्लच बिघडला तर खास अवजारं, कंपनीचं सॉफ्टवेअर आणि वर्कशॉपचं बिल. आपल्या समाजातल्या किती घरांची चूल गॅरेजवर आणि ड्रायव्हिंगवर पेटते, हे मी सांगायला नको. उघडताच येत नाही अशा पेटीपुढे तो मिस्त्री हात बांधून उभा राहतो. एका गिऱ्हाइकानं मॅन्युअल घेतल्यानं त्याचा धंदा वाचणार नाही, एवढा भोळा मी नाही. पण दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न गाडी घेण्याआधी विचारायचा असतो.

तरीही मी सगळ्यांनी मॅन्युअल घ्यावी म्हणत नाही. रोज ठाण्याहून अंधेरीला जाणाऱ्यानं डाव्या पायाचा छळ करू नये. त्यानं सरळ ऑटोमॅटिक घ्यावी, फक्त कुठली ते पाहावं, कारण या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच-गिअरचं काम मोटर करते. स्वस्त, पण गिअर बदलताना मान डोलावते. सीव्हीटी पट्टा आणि पुलीवर चालते. गर्दीत मऊ, शौकाला निरुपयोगी. टॉर्क कन्व्हर्टर गर्दीत सर्वांत सोशिक. आणि ड्युअल क्लच सर्वांत चपळ, पण त्यातला कोरड्या क्लचचा प्रकार मुंगीच्या चालीनं सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापतो. म्हणजे गंमत पाहा : गर्दीसाठी ऑटोमॅटिक हवी म्हणून जो स्पोर्टी गाडीतली डीएसजी घेतो, तो गर्दीत सर्वांत जास्त कुरकुरणारी घेतो. रोजची गर्दी असेल तर साधी, सोशिक ऑटोमॅटिक घ्या आणि उरलेले पैसे पोरांच्या फीसाठी ठेवा. स्पोर्टी गाडी तिथे शोभेची.

दुबईवाला हसला त्याचं कारण वेगळं होतं. तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की परवान्यावर तशी नोंद होते, आणि मॅन्युअल चालवता येत नाही. त्यानं तशीच दिली. आठ वर्षं तो लाखमोलाच्या गाड्या चालवतोय. सुट्टीत गावी आला की दारातला वडिलांचा टेम्पो त्याला बाहेर काढता येत नाही. शेजारच्या अकरावीतल्या पोराला हाक मारावी लागते. "सर, लाज वाटत नाही," तो म्हणाला, "पण हात रिकामे वाटतात."

म्हणून ज्यांना शौक आहे आणि ऐपत आहे त्यांना एवढंच सांगणं. शोरूममध्ये गेलात की टेस्ट ड्राइव्हला बहुधा ऑटोमॅटिकच पुढे आणतील. मॅन्युअल मागा. "सर, ती कोणी घेत नाही" म्हणतील. चहा प्या, खुर्चीत बसून राहा आणि पुन्हा मागा. कोणी घेत नाही असं म्हणत म्हणतच ती बंद होते, आणि कोणीतरी मागत राहिलं म्हणूनच चाकणमधून ती परत आली.