सेन्सर सांगतो, पण फोन ऐकतो का?

रात्री अडीचला रक्तातली साखर 55 वर येते. दंडावर चिकटवलेला सेन्सर ते टिपतो, फोनला कळवतोही. फोन मात्र गप्प. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2025 मध्ये नेमका याच प्रकाराबद्दल इशारा दिला. फोनची सेटिंग बदलली, ब्लूटूथ हेडफोन जोडला किंवा फोन अपडेट झाला आणि धोक्याचा गजर वाजलाच नाही, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यातून साखर धोकादायकरीत्या कमी होणे, कीटोॲसिडोसिस, इतकेच नव्हे तर मृत्यूही ओढवले असण्याची शक्यता त्यांनी वर्तवली.

हा सेन्सर मुळात फार कमी बोलतो, आणि तसाच तो बनवलेला आहे. त्याला नाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान बॅटरीवर दहा-चौदा दिवस काढायचे असतात. घड्याळात किंवा वजनकाट्यात असते ती सीआर 2032 बॅटरी साधारण 225 मिलिअँपिअर-तासांची. ट्रान्समीटर सहा मिलिअँपिअर खात सतत चालू राहिला, तर ती दीड दिवसात संपेल. म्हणून 2010 मध्ये आलेल्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये झोपण्यालाच महत्त्व दिले गेले. यंत्र बहुतेक वेळ झोपलेले असते. दर मिनिटाला किंवा दर पाच मिनिटांनी काही मिलिसेकंद जागे होते, आकडा पाठवते आणि पुन्हा झोपते. पाठवण्याची शक्ती साधारण एक मिलिवॅट. टूजी फोन जास्तीत जास्त दोन वॅट, म्हणजे त्याच्या दोन हजार पट सोडू शकतो. तेव्हा ‘अंगाला चिकटवलेल्या या यंत्राच्या लहरींनी अपाय होईल का’, ही रुग्णांची नेहमीची शंका चुकीच्या जागी आहे.

खरी अडचण उलट आहे. लहरी फार दुबळ्या आहेत. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालते आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. आपले शरीर तर बरेचसे पाणीच. सेन्सर डाव्या दंडावर, माणूस त्याच कुशीवर झोपलेला आणि फोन पलीकडच्या खोलीत चार्जिंगला, एवढ्यानेही संपर्क तुटतो. शिवाय दंड दाबला गेला की त्या जागेची साखर खोटीच कमी दिसते. म्हणजे कधी खोटा गजर, कधी खरा गजरच नाही. (शरीराच्या आत बसवायच्या यंत्रांसाठी 402 ते 405 मेगाहर्ट्झचा वेगळा पट्टा राखला गेला, त्याचे एक कारण हेच.)

फोनच्या पुढेही साखळी आहे. नोव्हेंबर 2019 च्या अखेरीस डेक्सकॉम कंपनीचा सर्व्हर बंद पडला. मुलांचे सेन्सर चालू होते, पण दूर असलेल्या आईवडिलांच्या फोनवर आकडे पोहोचेनात. अनेकांना ते उशिरा कळले, कारण बातमी न येणे आणि सगळे ठीक असणे बाहेरून सारखेच दिसते.

ट्रान्समीटर बनवणाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे. पण बॅटरी वाचवण्यासाठी ॲप बंद करणारा, रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’वर जाणारा फोन वैद्यकीय उपकरण म्हणून घडवलेलाच नाही. सेन्सर विकताना ही गोष्ट ठळकपणे सांगितली जायला हवी; सध्या ती माहितीपत्रकातल्या बारीक अक्षरांत असते. इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरी फोन उशाशी असावा, गजर मुद्दाम वाजवून पाहावा, विशेषतः प्रत्येक अपडेटनंतर. घाम फुटला, हात थरथरले आणि पडद्यावरचा आकडा चांगला दिसला, तरी बोटाला टोचून साखर पाहावी. ते जमण्यासारखे नसेल, तर आधी साखरपाणी द्यावे.