गाडी कुणाच्या बळावर, यंत्र कुणाच्या मालकीचे?

मुंबईतील मशीद बंदर, काळबादेवी, भुलेश्वर या बाजारपेठांत मालाची शेवटची वाट आजही माणसाच्या अंगबळावर कापली जाते. ट्रक हमरस्त्यावर थांबतो. पुढच्या गल्लीबोळांतून मालाने लादलेली हातगाडी एक जण दांडा धरून ओढतो व इतर मागून रेटतात. शहराला या दृश्याची इतकी सवय झाली आहे की त्यातला अन्याय कुणाला दिसत नाही. विचारले तर व्यापारीवर्गाचे उत्तर ठरलेले असते : गल्ल्या अरुंद आहेत, तेथे यंत्र वळणार नाही, आणि यंत्र आणलेच तर हे गरीब उपाशी मरतील. या उत्तराचे दोन्ही भाग तपासले पाहिजेत.

प्रथम गाडीचे गणित. सपाट रस्त्यावर चाकामुळे ओझे हलके होते, हे खरे. परंतु चालती गाडी चालू ठेवण्यापेक्षा थांबलेली गाडी हलवण्यास अधिक बळ लागते. अरुंद गल्लीत गाडी पावलोपावली थांबते, म्हणजे सर्वांत कष्टाचा क्षण पुनःपुन्हा येतो. वळणावर तिचे तोंड फिरवताना कंबरेला पीळ बसतो. चढाचा हिशेब तर शाळकरी मुलालाही करता येईल. गाडी व माल मिळून १ टन वजन असेल आणि २० फुटांस १ फूट असा चढ असेल, तर चाकांचे घर्षण शून्य धरले तरी सुमारे ५० किलोचे बळ सतत लावावे लागते. उतारावर तेवढेच बळ गाडी रोखून धरण्यास लागते. हातगाडीला ब्रेक नसतो; माणसाची टाच हाच तिचा ब्रेक.

यावर उपाय अज्ञात आहे काय? मुळीच नाही. बॅटरीवर चालणारी आणि माणसाने दांडा धरून सोबत चालत हाकायची छोटी ओढयंत्रे कारखान्यांत व गोदामांत कित्येक वर्षे वापरात आहेत. कित्येक टनांचा ट्रेलर ती चिंचोळ्या जागेत चालण्याच्या गतीने पुढेमागे नेतात. बाजारात ती दिसत नाहीत, याचे कारण गल्लीच्या रुंदीत नाही, जमाखर्चाच्या वहीत आहे. यंत्र घेतले तर त्याची किंमत, घसारा आणि दुरुस्ती मालकाच्या खर्चात पडते. माणसाची झिजलेली कंबर मात्र कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. खेपेवर मजुरी दिली की हिशेब मिटला. पुढचा औषधपाणी आणि अकाली म्हातारपणाचा खर्च कामगाराच्या कुटुंबाने सोसावा! हातगाडी स्वस्त आहे ती एवढ्याचसाठी, की तिचा खरा खर्च दुसराच कुणी भरतो आहे.

कायद्यानेही या माणसाकडे पाठ फिरवली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली कमाल वजनाविषयीचा १२७ क्रमांकाचा करार संमत केला व सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. भारताने तो करार २०१० साली स्वीकारला. परंतु त्याची व्याख्या ज्या ओझ्याचा संपूर्ण भार एकाच कामगाराच्या अंगावर येतो, त्यापुरती मर्यादित आहे. चाकांवरचे ओझे तिच्यातून निसटते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३४ व्या कलमाने इजा होईल इतके जड ओझे हलवण्यास मनाई केली, पण ती कारखान्याच्या आवारापुरती. गल्लीतला श्रमिक दोन्हीकडून उघडाच राहिला.

आता दुसरा भाग : यंत्र आले तर माणूस उपाशी मरेल. ही भीती खोटी नाही. यंत्र मालकाच्या हाती राहिले तर तसेच घडते. म्हणून यंत्राला विरोध करण्याऐवजी ते कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न चळवळीने लावून धरला पाहिजे. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला तो याच दृष्टीने.

गाडीवर माल असो की माणूस, न्याय एकच. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये माणसाने ओढायच्या रिक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणारी ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आदेश दिला, आणि रिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा मिळतील अशी योजना शासनाने आखावी, निधी नसल्याची सबब चालणार नाही, असे बजावले. त्यासाठी न्यायालयाने पंजाबातील सायकलरिक्षा चालकांच्या १९८० च्या निकालाची आठवण दिली. रिक्षा चालवणाऱ्याला कर्ज मिळवून देऊन तिचा मालक करावे, हेच त्या निकालाचे सूत्र होते. जे माथेरानच्या तांबड्या वाटेवर न्याय्य ठरते, ते भुलेश्वरच्या गल्लीत अन्याय्य कसे ठरेल?

महाराष्ट्राजवळ तर त्यासाठी साधनही तयार आहे. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत द्यायची आणि मालकाकडून लेव्ही घेऊन तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा यांची तरतूद करायची, ही त्याची रचना. ज्याला एक कायम मालक नाही, त्यालाही हक्क मिळू शकतात हे या कायद्याने सिद्ध केले. त्याच लेव्हीत यंत्राचा वाटा का नसावा?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. हातगाडीवरील मालाला आणि चढावरील ओढीला कायद्याने मर्यादा घालावी. बाजारातील प्रत्येक हातगाडीवाल्याची मंडळाकडे नोंद व्हावी. मालकांच्या लेव्हीतून घेतलेली ओढयंत्रे टोळ्यांच्या सहकारी संस्थांच्या मालकीची असावीत. यंत्रामुळे वाचलेल्या श्रमाचा लाभ कमी तासांच्या रूपाने कामगाराला मिळावा. एकाचेही नाव नोंदवहीतून कमी होता कामा नये. बाजारपेठांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे गणित टोळीटोळीत जाऊन मांडले पाहिजे. गल्ली अरुंद आहे म्हणून माणसाने बैल व्हावे, हा युक्तिवाद यापुढे कोणत्याही मालकाला करता येऊ नये.