सहा अधिक सहा, वजा एक

इंटरव्ह्यू घ्यायला बसलो की मी एक साधा प्रश्न हमखास विचारतो. दोन फासे टाकले, तर निदान एकावर सहा पडण्याची शक्यता किती? बहुतेक जण पटकन सांगतात, "१/६ अधिक १/६, म्हणजे १/३." हे सगळे इंजिनिअर बरं का, एम-थ्री पास झालेले!

मग मी विचारतो, सात फासे टाकले तर? ७/६? शंभर टक्क्यांच्याही वर? समोरचा ओशाळून हसतो आणि त्याला सूत्र आठवतं: बेरीज करा, सामाईक भाग वजा करा. का वजा करायचा? शांतता.

अहो, सहा बाय सहाचा तक्ता काढा. ३६ घरं. पहिल्या फाशावर सहा, ती एक आडवी ओळ, ६ घरं. दुसऱ्यावर सहा, तो एक उभा रकाना, ६ घरं. दोन्ही सहांचं घर दोनदा मोजलं गेलं, ते एकदा काढा. ११/३६. संपलं! हे दोन मिनिटांत दिसतं, पण आम्हाला कुणी दाखवलं नाही. सूत्र लिहा, मार्क घ्या.

ही बेरजेची खोड जुनीच आहे. १६५४ साली पास्कालने फर्माला लिहिलेल्या पत्रात द मेरे नावाच्या परिचिताची तक्रार आहे. एका फाशाच्या ४ फेकींत निदान एक सहा येण्यावर पैज लावणं फायद्याचं, मग दोन फाशांच्या २४ फेकींत निदान एकदा जोडीने सहा येण्यावर का नाही? ४/६ आणि २४/३६ सारखेच की! पण खरे आकडे ५१.८ आणि ४९.१ टक्के.

माझं खरं भांडण पुढेच आहे. पुस्तकातले फासे एकमेकांशी संबंध नसलेले असतात. समजा, दोन फासे असे जोडले की दोन्हींवर कायम एकच आकडा येईल. प्रत्येकाची शक्यता अजूनही १/६. पण दोन्ही सहा येण्याची शक्यता १/३६ नाही, तीही १/६. आणि निदान एक सहा येण्याची? तीही १/६च. सूत्र तेच, सामाईक भाग बदलला.

आमच्या एका प्रोजेक्टात दोन सर्व्हर होते. प्रत्येक बंद पडण्याची शक्यता एक टक्का धरली, म्हणजे दोन्ही एकदम बंद पडणं दहा हजारात एक, असं स्लाइडवर छापलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन्ही सर्व्हर एकाच यूपीएसवर आहेत, हे कुणी विचारलंच नाही. यूपीएस गेला, दोन्ही गेले, रात्री दोनला फोन वाजला. स्लाइड माझीच होती.

त्यामुळे सूत्र पाठ असलेल्याचं मला आता काही कौतुक वाटत नाही. गुणाकार करण्याआधी "हे दोन फासे खरंच सुटे आहेत का?" असं विचारणारा मिळाला, तर मी त्याला लगेच घेईन.