शेवटचे सात महिने आणि खतावणी



आपल्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी एक फॉरवर्ड येतो : 'आजचा दिवस शेवटचा समजून जगा.' खाली फोटो स्वित्झर्लंडचा, नाहीतर विमानातून उडी मारणाऱ्या बाईचा. मला या सल्ल्याचा राग येतो. का, ते एका मालिकेच्या निमित्ताने सांगते.

'कॅरोल अँड द एंड ऑफ द वर्ल्ड' ही डॅन गुटरमन यांची दहा भागांची मालिका डिसेंबर 2023 मध्ये नेटफ्लिक्सवर आली. कार्टून आहे, पण नातवंडांना घेऊन बसू नका. कॅरोलचे म्हातारे आईवडील सगळे कपडे सोडून घरात वावरतात, आणि त्याचा वैराग्याशी काहीही संबंध नाही!

एक ग्रह पृथ्वीवर आदळणार. 7 महिने 13 दिवस उरलेत. लोक नोकऱ्या सोडून मौज करत सुटलेत. कॅरोलला मात्र काहीच हौस नाही. घरच्यांना बरं वाटावं म्हणून ती 'सर्फिंग शिकतेय' अशी थाप मारते. मग तिला एका इमारतीत चालू असलेलं अकाउंट्सचं ऑफिस सापडतं आणि ती तिथे जाऊन आकडे भरू लागते.

माझी भाची म्हणाली, "मावशी, हा पळपुटेपणा आहे. जग बुडतंय आणि ही बेरजा करतेय!"

मला हे मुळीच पटलं नाही. माझ्या सासूबाई शेवटच्या महिन्यात अंथरुणावरून रोज विचारायच्या, "पाणी गाळलं का? दुधाचं लिहिलं का?" त्या पळत होत्या? आपण प्रतिक्रमणाला बसतो, ती तरी दिवसभराच्या दोषांची खतावणीच ना? आणि आपल्या शास्त्रात तर जग संपतच नाही. पंचमकाळ 21,000 वर्षांचा, त्यातली जेमतेम अडीच हजार सरलीत. पुढे सहावा, मग चाक पुन्हा वर. पळून तो गेला, जो घरचं सोडून डोंगर बघायला धावला.

पण थांबा. हे वाचून कुणी सुनेला 'बघ, रोजच्या कामातच सगळं आहे' असं ऐकवणार असेल, तर माझं नाव घेऊ नका. कॅरोल त्या टेबलावर आपल्या पायांनी चालत गेली. मी 1981 ला बी.कॉम. झाले. हिशेबनीस म्हणून नेमणुकीचं पत्रही आलं होतं. "घरात काय कमी आहे?" एवढं एकच वाक्य सासरी बोललं गेलं आणि पत्र कपाटात गेलं. नंतर चाळीस वर्षं रेशन, गॅस, फिया, लग्नांचे आहेर, सगळं मीच लिहिलं. वही कुणी तपासली नाही. खरं सांगते, कॅरोलला त्या टेबलाशी बसलेली बघून मला हेवा वाटला.

त्या ऑफिसात कुणाला कुणाचं नाव माहीत नसतं. कॅरोल एकेकाचं नाव माहीत करून घेते आणि त्या नावाने हाक मारते. तेवढ्याने माणसं एकमेकांकडे बघू लागतात. मी मात्र वहिनी, काकू, अमक्याची आई.

मागच्या रविवारी मंदिरात, वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या चौघींना मी त्यांचं नाव विचारलं. दोघींनी आधी नवऱ्याचं सांगितलं.