सरकता कठडा आणि घोड्यावरचा पैसा

धार-देवासच्या जुन्या मराठी घराण्यांना घोडा परका नाही. अठराव्या शतकात पवारांबरोबर आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज माळव्यात उतरले, ते घोडदळातूनच. पुढे लढाया संपल्या आणि संस्थानिकांचा घोड्यांचा शौक शर्यतींकडे वळला. 1943 साली मुंबईची पहिली इंडियन डर्बी जिंकणारी ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी बडोद्याच्या महाराजांचीच होती. तेव्हा शर्यतींविषयी येथे चार शब्द लिहिणे अस्थानी होऊ नये.

22 सप्टेंबर 2025 पासून शर्यतींवरील पैजांचा वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 40 टक्के झाला. त्याची चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र एका लहानशा, पण पैज लावणाऱ्याच्या खिशाला भिडणाऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. ती म्हणजे मैदानाच्या आतील कडेचा सरकता कठडा.

महालक्ष्मीला घोडे हिरवळीवर धावतात. जवळची वाट म्हणून जॉकी आतल्या कडेला चिकटतात आणि तेथले गवत टापांखाली उखडते. त्याला विसावा मिळावा म्हणून तात्पुरता कठडा काही मीटर बाहेर उभा करतात. व्यवस्था रास्तच आहे. पण तिने शर्यतीचे स्वरूप पालटते. कठडा 6 मीटर सरकला, तर अर्धवर्तुळाकार वळणावर सुमारे 19 मीटर अंतर वाढते. ताशी 60 किलोमीटर वेगाच्या घोड्याला त्यासाठी सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. सुटण्याची जागा तितकीच पुढे घेतली नाही, तर मागच्या शर्यतीतील वेळेशी आजची वेळ ताडून पाहणारा हमखास फसतो. हे वाढीव अंतर सर्वच घोड्यांना पडते हे खरे. परंतु दमदार घोड्याला ते सोसते, नुसत्या वेगावर विसंबणाऱ्याला जड जाते. शिवाय वाट अरुंद झाल्याने मागून येणाऱ्याची कोंडी होते, आणि कठड्यालगत ताजी हिरवळ असेल तर तेथून पुढे राहणाऱ्याचे फावते.

आता पैशाचे पाहू. टोटमध्ये सर्वांच्या पैजा एका राशीत जमा होतात. क्लबचा वाटा आणि कर वजा जाता उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. म्हणजे कठड्याची जागा जाणणाऱ्याचा लाभ, ती न जाणणाऱ्याच्याच खिशातून येतो.

जुगाराचा पुरस्कार मी करीत नाही. परंतु घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली लक्ष्मणन खटल्यात दिला आहे. तो प्रमाण मानायचा, तर कौशल्याला लागणारी माहितीही सर्वांना सारखी मिळाली पाहिजे. फासे कोणाचे वश आहेत हे एकालाच ठाऊक असले म्हणजे काय होते, ते महाभारत वाचणाऱ्यांना सांगायला नको. वृत्तपत्रांच्या शर्यतींच्या स्तंभात कठड्याचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो. वाचक तो ओलांडून घोड्यांच्या नावांकडे धावतो. कठडा कोठून कोठपर्यंत व किती मीटर सरकला आहे, अंतर कितीने वाढले आहे, हे शर्यतीपूर्वी टोटच्या खिडकीपाशी मराठीत, ठळक अक्षरांत लावले जावे. खिडकीपाशी उभ्या असलेल्या सामान्य माणसाचा एवढा हक्क तरी मान्य व्हावा, असे मला वाटते.